मांडीवरची वजनदार गादी : प्रकल्प नोंदी

२ जून

माझी भाची सात वर्षांची आहे आणि तिचे वजन २२ किलो आहे. अभ्यासाला बसली की पहिल्या पाच मिनिटांत ती तीन वेळा उठते आणि चौथ्यांदा बसताना सोफ्यावरच्या दोन्ही उशा उचलून आणते, त्या मांडीवर ठेवते आणि वरून कोपरांनी दाबून धरते. उशा हलक्या असल्यामुळे दाबण्याचे काम तिलाच करावे लागते आणि मग लिहायला हात मोकळा राहत नाही. तिच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी (रोजची कामे नीट जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञ) हे पाहिले आणि मांडीवर ठेवायची वजनदार छोटी गादी करून पाहण्यास सुचवले. शिवणकाम घरात मलाच येते, त्यामुळे ताईने ते काम माझ्यावर सोपवले.

वजन किती ठेवावे, हा पहिला प्रश्न होता. मांडीवरच्या गादीसाठी मुलाच्या वजनाच्या ५ ते १० टक्के असा एक प्रघात आहे. तो थेरपिस्टांच्या अनुभवातून आलेला ठोकताळा आहे, नियम नव्हे. बाईंनी खालच्या टोकापासून सुरुवात करण्यास सांगितले, कारण वजन नंतर वाढवता येते, पण एकदा ‘जड आहे’ म्हणून नाकारलेली वस्तू मूल पुन्हा हातात घेईलच असे नाही. भाचीच्या बाबतीत खालचे टोक म्हणजे ११०० ग्रॅम. कापड धरून एकूण १२५० ग्रॅमच्या आसपास राहायचे, असे आम्ही ठरवले.

तिला खुर्चीवर बसवून मापे घेतली. दोन्ही मांड्या झाकून बाजूंनी थोडी खाली ओघळेल इतकी रुंदी ४८ सेंटिमीटर भरली आणि पोटापासून गुडघ्यापर्यंतचे अंतर ३२ सेंटिमीटर. दोन्ही आकड्यांना आठने भाग जातो, हा योगायोग माझ्या पथ्यावर पडला. ८ सेंटिमीटरचे चौकोनी कप्पे केले तर आडवे सहा आणि उभे चार, म्हणजे एकूण चोवीस कप्पे होतात. कप्पे नसतील तर सगळे भरण एका कोपऱ्यात जमते आणि गादीऐवजी गाठोडे तयार होते.

४ जून

कापडे निवडली, म्हणजे खरे तर भाचीने निवडली. माझ्याकडच्या चिंध्यांच्या पिशवीतून अकरा तुकडे काढले, तिला डोळे मिटायला सांगितले आणि एकेक तुकडा तिच्या तळहाताखाली सरकवला. मखमल तिला आवडेल अशी माझी खात्री होती, पण मखमलीवर हात पडताच तिने तो झटकून फ्रॉकला पुसला. सॅटिनवर तिची नखे अडकली. टॉवेलचे कापड तिने ‘ओलं’ ठरवले, जरी ते कोरडे ठणठणीत होते. रुंद रेघांच्या कॉर्डरॉयवर मात्र हात थांबला आणि बोट रेघांमधून वर-खाली फिरू लागले. कॉर्डरॉयच्या लवेला दिशा असते, एका बाजूने हात फिरवला तर तो सुळकन जातो आणि उलट्या बाजूने थोडा अडतो, हे तिने मी सांगण्याआधीच शोधून काढले. “मावशी, हे जाताना गप्प असतं आणि येताना बोलतं,” असे ती म्हणाली.

वरची बाजू कॉर्डरॉयची आणि खालची, मांडीला लागणारी बाजू साध्या सुती पॉपलिनची करायची, असे ठरले. लव तिच्याकडून गुडघ्याकडे जाताना गुळगुळीत लागली पाहिजे, म्हणून तुकड्याच्या उलट बाजूला खडूने बाण काढून ठेवला. बेतताना ही खूण नसेल तर कापड हमखास उलटे कापले जाते.

आतल्या पिशवीसाठी मांजरपाट घेतले. मांजरपाट न धुता कापण्याचा मोह मी पूर्वी एकदा आवरला नव्हता आणि त्याची फळे भोगली होती. या वेळी ६० सेंटिमीटरचा चौरस कापून तो गरम पाण्यात धुतला, वाळवला, इस्त्री केली आणि पुन्हा मोजला. उभ्या धाग्यात तो साडेसत्तावन्न सेंटिमीटर भरला आणि आडव्यात एकोणसाठ. म्हणजे उभ्या बाजूने जवळजवळ ४ टक्के आटले. तयार गादीचे कापड पहिल्या धुण्यात इतके आटले असते, तर प्रत्येक कप्पा फुगून टणक झाला असता.

७ जून

भरण कशाचे करावे, यावर दोन दिवस गेले. धान्य हाताशी असते आणि अनेक जण तेच भरतात, पण धान्याला पाणी लागले की ते सडते, नाही लागले तर कीड लागते, आणि लहान मुलाच्या मांडीवरची वस्तू धुवावी लागणार नाही असे गृहीत धरणे भाबडेपणाचे आहे. उरले दोन पर्याय : खेळण्यांत भरतात ते प्लास्टिकचे दाणे आणि काचेचे बारीक मणी.

दोन्हींचे तीन-तीन नमुना कप्पे शिवून प्रत्येकात ४५ ग्रॅम भरण घातले. प्लास्टिकच्या दाण्यांनी ऐंशी मिलिलिटर जागा घेतली आणि कप्पा सव्वा सेंटिमीटर जाड झाला. तेवढ्याच वजनाच्या काचेच्या मण्यांना तीस मिलिलिटर पुरले आणि कप्पा अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा पातळ राहिला. तरीही मी प्लास्टिककडे झुकले होते, कारण कप्पा फाटलाच तर घरभर काच पसरण्यापेक्षा प्लास्टिक परवडले, आणि घरात भाचीचा दोन वर्षांचा भाऊही आहे.

निर्णय भाचीने फिरवला. प्लास्टिकचा नमुना तिने मांडीवर ठेवला, एकदा हलली, आणि तो उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ढकलला. “आतून कुणीतरी कागद चुरगळतंय,” एवढेच ती म्हणाली. मला तो आवाज तोपर्यंत ऐकूच आला नव्हता. मग खिडक्या बंद करून, पंखा थांबवून नमुना कानाशी धरला आणि हलवला, तेव्हा दाणे एकमेकांवर घासल्याची कोरडी खरखर स्पष्ट ऐकू आली. जे मूल शेजारच्या खोलीतल्या दिव्याची गुणगुण ऐकते, त्याच्या मांडीवर मी हा आवाज ठेवणार होते! गेले पाच दिवस मी वजनाचा हिशेब करत होते आणि वजन हा या कामातला सर्वांत सोपा भाग निघाला, तो काटा सांगतो. आवाज, शिवणीची कड आणि कापडाचा स्पर्श यांना काटा नाही.

काचेच्या मण्यांचा आवाज कमी होता, पण शून्य नव्हता. तो मारण्यासाठी मांजरपाटाला आतून फ्लॅनेलचे अस्तर लावून पाहिले, फ्लॅनेलची मऊ लव मण्यांच्या बाजूला ठेवून. या नमुन्यावर तिने दहा मिनिटे पाय हलवले आणि तो ढकलला नाही. काचेचे मणी, फ्लॅनेल, मांजरपाट आणि वर कव्हर असा थर नक्की झाला.

८ जून

सुईचा प्रश्न आधी मनात आला नव्हता. मणी ०.८ ते १ मिलिमीटरचे आहेत आणि सुईचे भोक तेवढे मोठे पडले तर ते त्यातून निसटू शकतात. सुईवर ‘१००/१६’ लिहिलेले असते तेव्हा त्यातील १०० म्हणजे दांड्याचा व्यास १ मिलिमीटर, आणि ‘९०/१४’ म्हणजे ०.९ मिलिमीटर. चार थर शिवायचे म्हणून सवयीने १६ नंबरची सुई लावली होती, ती काढून १४ नंबरची लावली. शिवलेले भोक दोऱ्याने भरते, पण टीप उसवली तर भोके उघडी राहतात, म्हणून उसवण्याची वेळ येऊ न देणे बरे. टाका अडीच मिलिमीटरचा ठेवला आणि दोरा पॉलिएस्टरचा घेतला.

११ जून

आज सहा तास मशीनवर गेले आणि त्यातील दोन तास मागे जाण्यात गेले.

क्रम असा होता. मांजरपाट आणि फ्लॅनेल यांचे ५१ × ३५ सेंटिमीटरचे दोन-दोन तुकडे कापले, म्हणजे चारही बाजूंनी दीड सेंटिमीटर माया (शिवणीसाठी सोडलेले जास्तीचे कापड) धरली. फ्लॅनेलचा एकेक तुकडा मांजरपाटाला कडेने टाचून दोन जोड्या केल्या, त्या मांजरपाटाच्या बाजू समोरासमोर ठेवून तीन बाजूंनी दुहेरी टीप मारली, कोपऱ्यांची माया तिरकी कापली आणि पिशवी उलटवली, म्हणजे फ्लॅनेल आपोआप आत गेले. मग दर ८ सेंटिमीटरवर पाच उभ्या टिपा तळापासून वरच्या उघड्या बाजूपर्यंत मारल्या. आता सहा उभ्या नळ्या तयार झाल्या. प्रत्येक नळीत नरसाळ्याने ४५ ग्रॅम मणी सोडायचे, ते तळाशी बसू द्यायचे, वर आडवी टीप मारायची, आणि असे चार वेळा करायचे.

पहिली ओळ चांगली झाली. दुसऱ्या ओळीत गादीचे वजन मशीनच्या टेबलावरून खाली लोंबू लागले आणि कापड ओढले जाऊन टीप वाकडी गेली. टेबलाच्या उंचीला येईल अशी जाड पुस्तकांची चळत डाव्या बाजूला रचली आणि भरलेला भाग त्यावर टेकवला, तेव्हा टीप सरळ चालली.

तिसऱ्या ओळीत, चौथ्या नळीच्या मध्यावर, सुई मण्यावर बसली. आवाज टिचकीसारखा आला, सुई तुटली आणि तिचे टोक दिसेनासे झाले. चष्मा होता म्हणून डोळ्यांची काळजी वाटली नाही, पण मुलाच्या मांडीवर जाणाऱ्या गादीत सुईचे टोक हरवणे ही गोष्ट ‘नसेल आत’ म्हणून सोडून देण्यासारखी नाही. लोहचुंबक कापडावर, बॉबिनच्या पेटीत आणि जमिनीवर फिरवला. टोक नळीच्या आतच, फ्लॅनेलच्या लवेत सापडले. तुटलेले दोन्ही तुकडे कागदावर जोडून ठेवले आणि अख्ख्या सुईच्या लांबीशी ताडून पाहिले, तेव्हा कुठे खात्री झाली. त्या नळीतील मणी सगळे काढून फेकले, कारण फुटलेल्या मण्याची कपची चाळून काढणे शक्य नव्हते.

कारण उघड होते. जे फ्लॅनेल आवाज खाते, तेच मणी धरून ठेवते. नळी हलवून मणी खाली गेले असे वाटते, पण दहा-बारा मणी लवेला चिकटून नेमके खडूच्या रेघेवर बसलेले असतात. उपाय तीन पायऱ्यांचा झाला : पट्टीच्या बोथट कडेने रेघेवरून दोनदा खाली निपटायचे, रेघेच्या खाली एक सेंटिमीटरवर टाचण्यांची रांग लावून मण्यांना वर यायची वाट बंद करायची, आणि मग रेघेवर हाताने धावदोरा घालायचा. धावदोरा घालताना सुईला कुठे मणी लागला तर तो बोटांना कळतो, मशीनला कळत नाही. यानंतरच मशीन चालवायचे, कापड दाबून धरणारा, चेन लावायचा अरुंद दाबपाय बसवून, म्हणजे भरलेल्या कप्प्याच्या फुगवट्यावर तो चढत नाही. शंकेच्या जागी पायडल सोडून चाक हाताने फिरवले.

तिसरी ओळ पूर्ण उसवली नाही, फक्त त्या एका नळीपुरती उसवली. उसवलेल्या भोकांवर पाणी शिंपडून नखाने धागे सारखे केले, आणि नवी टीप त्यांच्यापेक्षा दोन मिलिमीटर खाली घेतली, म्हणजे जुनी भोके त्या कप्प्यातील मण्यांच्या बाजूला आली नाहीत. तो एक कप्पा बाकीच्यांपेक्षा किंचित बुटका आहे. मला तो दिसतो, दुसऱ्या कुणाला दिसू नये.

१२ जून

चौथी ओळ भरली, वरची कड आत दुमडून दोन टिपांनी बंद केली. सुई मोडली नाही.

१४ जून

कव्हर अजून कापलेले नाही, हे बरे झाले. रिकामी असताना ४८ सेंटिमीटर रुंद असलेली पिशवी भरल्यावर साडेसेहेचाळीस झाली आहे, कारण प्रत्येक कप्पा फुगताना कापड थोडे आत ओढून घेतो. कव्हर आधीच्या मापाने कापले असते, तर गादी त्यात सरकत राहिली असती आणि वजन एका बाजूला गेले असते. आतली पिशवी भरून मोजावी आणि मगच कव्हर बेतावे.

गळतीची परीक्षा घेतली. काळ्या कागदावर गादी ठेवली, प्रत्येक कप्पा अंगठ्याने जोर लावून दाबला, मग कमरेच्या उंचीवरून दहा वेळा टाकली आणि शेवटी दोन कोपरे धरून झटकली. कागदावर एक मणी सापडला. तो भोकातून आला की शिवताना बाहेरच चिकटून राहिला होता, हे ठरवण्यासाठी पुन्हा सगळे केले. दुसऱ्या वेळी कागद स्वच्छ राहिला.

१६ जून

कव्हर शिवले. भाचीला कपड्यांच्या आतल्या शिवणी बोचतात आणि मानेमागची लेबले कापल्याशिवाय ती नवा कपडा घालत नाही. त्यामुळे शिवणीची माया आत मोकळी न सोडता एक कड दुसरीत दुमडून वरून टीप मारली, म्हणजे दोन्ही बाजूंना हाताला फक्त सपाट पट्टी लागते. या पद्धतीला वेळ दुप्पट लागतो. कॉर्डरॉयवर ती जाड होते, म्हणून दुमडीतल्या आतल्या कडेची लव कात्रीने भादरून टाकली.

उघडायला चेन लावायची की नाही, यावर ताईचे आणि माझे एकमत झाले नाही. चेनमुळे कव्हर घट्ट बसते, असे तिचे म्हणणे होते, तर चेनचा लोंबणारा तुकडा हा छोट्याच्या तोंडात जाणारा पहिला भाग असेल, असे माझे. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी बारीक भागांची एक प्रमाण चाचणी असते. त्यात ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात आणि तिच्यात पूर्ण मावणारा कोणताही भाग धोक्याचा मानतात. चेनचा तुकडा त्यात सहज मावतो, बटणही मावते. शेवटी उशीच्या अभ्र्यासारखी, एकमेकांवर बारा सेंटिमीटर चढणारी दुहेरी झाकणे ठेवली. वेलक्रो मी सुचवलाच नाही, कारण तो उघडतानाचा फर्र आवाज या मुलीसमोर मांडण्याची माझी हिंमत नव्हती.

तिच्या बोटांना उद्योग हवा म्हणून उजव्या कडेला कॉर्डरॉयचाच एक लहान खिसा केला, ज्यात फक्त दोन बोटे जातात. बाकी फिती, मणी, गोंडे काही लावले नाही. अशा गाद्यांवर हल्ली इतके काही टांगलेले दिसते की मूल लिहायचे सोडून त्यातच रमते.

१८ जून

पूर्ण गादी वजनकाट्यावर १२७० ग्रॅम भरली : १०८० ग्रॅम मणी आणि १९० ग्रॅम कापड. भाचीच्या वजनाच्या हिशेबात पावणेसहा टक्के.

संध्याकाळी ती खुर्चीवर बसल्यावर गादी शेजारी ठेवली आणि काही बोलले नाही, कारण थेरपिस्ट बाईंची सूचना तशी होती. तिने ती आधी पायांच्या पंजांवर ठेवली, मग पोटाशी धरली आणि शेवटी मांडीवर घेतली. पंधरा मिनिटांत ती एकदाच उठली. एका संध्याकाळवरून काही सिद्ध होत नाही, तरी सोफ्यावरच्या उशा जागच्या जागी राहिल्या, हे मी लिहून ठेवते.

ताईने विचारले की हीच गादी मोठी करून रात्री पांघरूण म्हणून देता येईल का. मी नको म्हटले. मांडीवरची गादी मूल जागे असताना, मोठ्यांच्या नजरेसमोर, थोडा वेळ असते. पांघरूण झोपेत असते आणि ते नाका-तोंडावर आले तर अंगावरून सारता येईल इतकी ताकद आणि शुद्ध मुलाला हवी. तान्ह्या बाळांना तर वजनदार पांघरूण किंवा वजनदार दुपटे देऊच नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. शिवाय उपयोगाचाही प्रश्न आहे. ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात २०१४ मध्ये ऑटिझम असलेल्या मुलांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली होती, तिच्यात वजनदार पांघरुणाने झोपेचा एकूण वेळ वाढला नाही. मुलांना आणि पालकांना मात्र साध्या पांघरुणापेक्षा तेच जास्त आवडले.

या साऱ्या विचाराची पायाभरणी जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने केली, त्यांचे संवेदन-एकात्मतेवरचे (स्पर्श, दाब, आवाज अशा संवेदना मेंदू कशा जुळवतो यावरचे) पहिले मोठे पुस्तक १९७२ चे. पण मला जास्त पटते ते टेंपल ग्रँडिन यांचे उदाहरण. त्या स्वतः ऑटिस्टिक आहेत आणि तरुणपणी त्यांनी स्वतःसाठी दाब देणारे एक यंत्र बनवले होते, ज्याचा दाब कमी-जास्त करण्याचा दांडा त्यांच्याच हातात होता. आमच्याकडे त्यावरून एकच नियम केला आहे : गादी भाची स्वतः घेईल आणि स्वतः काढेल, ‘गादी घे म्हणजे शांत बसशील’ असे कुणीही म्हणणार नाही.

२३ जून

पहिले धुणे. कव्हर मशीनमध्ये गेले, आतली पिशवी कोमट पाण्यात हाताने धुऊन, न पिळता, टॉवेलमध्ये दाबून आडवी वाळवली. फ्लॅनेल आतपर्यंत वाळायला दीड दिवस लागला. त्या दीड दिवसात भाचीने दोनदा गादी कुठे आहे असे विचारले आणि एकदा वाळत घातलेल्या पिशवीवर जाऊन बसली.

वाळल्यावर काळ्या कागदाची परीक्षा पुन्हा घेतली. तो बुटका कप्पा धरून सगळे कोरडे आणि बंद आहेत. कॉर्डरॉयची लव एका ठिकाणी, जिथे तिचे बोट फिरते, तिथे आडवी पडू लागली आहे.

२९ जून

थेरपिस्ट बाईंनी गादी तपासली. वजन योग्य आहे, दोन महिन्यांनी भाचीचे वजन पुन्हा बघू, असे त्या म्हणाल्या. त्यांनी एकच सुधारणा सांगितली : गादीवर वजन आणि भरण लिहिलेले हवे, म्हणजे ती उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात गेली तर आत काच आहे हे कळेल. लेबल शिवणे या घरात शक्य नाही. म्हणून कव्हर काढले आणि आतल्या पिशवीच्या मांजरपाटावर, त्या बुटक्या कप्प्याच्या वर, कपड्यावर टिकणाऱ्या शाईने लिहिले : ‘एकूण १२७० ग्रॅम. आत काचेचे मणी. फाटल्यास वापरू नये.’ शाई पक्की करण्यासाठी उलट बाजूने इस्त्री फिरवायची होती, पण आत मणी असल्यामुळे उलट बाजू मिळेना. शेवटी वर सुती रुमाल ठेवून इस्त्रीच्या टोकाने एकेक अक्षर दाबले. भाचीने ते वाचले आणि शाईवरून बोट फिरवून पाहिले. अक्षरे हाताला लागत नाहीत अशी खात्री झाल्यावर तिने कव्हर स्वतःच परत चढवले, लव गुडघ्यांकडे जाताना गुळगुळीत लागेल असे.